बिनगाठीचा दोरा

कफन शिवताना दोऱ्याला गाठ मारायची नाही,
हे मला सासूबाईंनी शिकवलं.
सिप्पोराबाई पेझारकर, रास्ता पेठ.
डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तेव्हा
आधी नुसती सुई ओवायला बोलावलं मला,
मग कापड धरायला,
मग एका रात्री म्हणाल्या, शिव तूच,
आणि कोणी विचारलं तर मी शिवलं म्हण.

कोणी विचारलं नाही.
चाळीस वर्षं.

पांढरा मांजरपाट, बोहरी आळीतून, भाव न करता.
खिसा नाही, बटण नाही.
कंबरेचा बंद, तोही नुसता पिळायचा.
टाका सैल, टोक मोकळं,
म्हणजे उसवायला सोपं जातं.
कोणाला, ते मी विचारलं नाही.

आमचं लग्न रजिस्टर ऑफिसातलं.
उपरण्याला पदर बांधायला ना माझी आई आली
ना हनोखकडचं कोणी.
गाठ राहिलीच की, मी जिन्यात म्हणाले.
तो शिंपी माणूस.
राहू दे, म्हणाला, गाठीवर इस्त्री बसत नाही.

तो गेला गुरुवारी, केईएममध्ये.
शुक्रवारी दुपारी, शब्बाथ लागायच्या आत, मातीत.
मधल्या रात्री मी शिवत होते.
तेवढेच टाके वाकडे आले माझे, तेवढेच.

त्याच्या डावीकडे, भिंतीपर्यंत, एका माणसाची जागा होती.
कोणी बघत नसताना टेप लावून पाहिला:
चार फूट, वर दोन बोटं.
नंतर दर वर्षी नजरेनेच मोजायची.
खडा ठेवायचा, मोजायचं,
फाटकाजवळच्या नळावर हात धुवायचे, घरी.

यंदा गुडघे बोलायला लागले
तेव्हा अर्ज घेऊन गेले बिन्यामीनजींकडे, कमिटीत.
त्यांच्या आईचं कफन माझ्या हातचं.
त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला,
नियमांचं पुस्तक उघडलं.
पान त्यांना पाठ असणार,
तरी बराच वेळ शोधत राहिले.
कुमुदवहिनी, तुम्ही आमच्याच. पण
इथं लिहिलंय ते असं.

बरं, मी म्हटलं. आणि माझा रूबेन?
बापाच्या खड्ड्याशी उभं राहून
सगळा कद्दीश न अडखळता म्हटला होता त्याने.
त्यांनी टोपी सारखी केली.
ते आईवरून धरतात, वहिनी.

मी भांडले नाही.
कुठल्या तोंडाने भांडू?
माझे वडील गेले तेव्हा वैकुंठाच्या फाटकात
चुलत्यांनी हनोखला अडवलं होतं,
तिरडीला हात नको म्हणाले.
तीन तास बाहेर उभा, सायकल धरून.
घरी येऊन त्यानेही हात धुतले.
त्याच्या रीतीने. आत न जाता.

श्रावणात एझ्राकाका झिराडकर गेले.
बिनलग्नाचे, कॅरमला हनोखचे जोडीदार,
हरले की सोंगट्या पुन्हा मोजायचे.
रात्री नऊला फोन: वहिनी, कापड पाठवू का?
पाठवा.
मग दोघंही गप्प.
जागा कुठली?
बिन्यामीनजी खोकले.
भिंतीजवळची.

आता सुई ओवायला मलाही माणूस लागतं.
रूबेनने ओवून दिली, दिवा जवळ सरकवला,
काही न बोलता झोपायला गेला.
टोपी. बाह्या. पायघोळ अंगरखा.
कापड कोरं, त्याला कांजीचा वास.
दोन वाजले असतील.

उजवी बाही शेवटची.
एझ्राकाकांची उजवी, म्हणजे हनोखकडची.
आतल्या बाजूने, काखेच्या जरा खाली,
दोरा एकदा बोटाभोवती घेतला
आणि एक गाठ मारली.
बारीक. मोहरीएवढी.
मग दोरा दाताने तोडला.